गंधकाम्लाशी जपून

शाळेच्या प्रयोगशाळेतील रसायनांच्या कपाटाकडे एकदा नीट पाहा. घट्ट बुचाची एक जड बाटली तेथे असते. आतील द्रव पाण्यासारखा रंगहीन असतो, पण बाटली तिरपी केली की तो पाण्यासारखा खळखळत नाही, तेलासारखा संथपणे सरकतो. त्याला वास नाही आणि त्यातून धूरही येत नाही. पाहणाऱ्याला तो अगदी निरुपद्रवी वाटतो. हेच ते संहत गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. हायड्रोजनचे २, गंधकाचा १ आणि ऑक्सिजनचे ४ अणू मिळून त्याचा एक रेणू बनतो.

नत्राम्ल किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल यांची बाटली उघडताच नाकाला झिणझिण्या येतात आणि आपण आपोआप सावध होतो. गंधकाम्ल अशी कोणतीही सूचना देत नाही. त्यामुळे येथे सावधगिरी आपल्या माहितीतूनच यावी लागते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर नियमांचा तक्ता लावलेला असतो, तो पाठही होतो. पण नियमामागचे कारण कळले, तर तो घाईच्या वेळीही आठवतो. म्हणून आधी या आम्लाचे गुणधर्म पाहू व मग नियमांकडे वळू.

हिराकसापासून कारखान्यापर्यंत

हिराकस तुम्हाला ठाऊक असेल. तो लोहाचा सल्फेट क्षार होय. जुन्या काळचे रसायनज्ञ हिराकस भट्टीत तापवून त्यातून निघणारी वाफ थंड करीत आणि तेलकट तेजाब मिळवीत. १७४६ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉन रोबक याने शिशाच्या पत्र्याच्या मोठ्या कोठ्यांत हे आम्ल तयार करण्यास सुरुवात केली. काचेची भांडी फुटत आणि ती फार मोठी करता येत नसत. शिशावर मात्र लेड सल्फेटचा अविद्राव्य थर बसतो व आतील धातू सुरक्षित राहतो. पुढे १८३१ मध्ये ब्रिस्टल येथील शिर्क्याचा कारखानदार पेरेग्रिन फिलिप्स याने स्पर्शपद्धतीचे एकस्व घेतले.

आज याच पद्धतीने हे आम्ल बनते. गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड तयार करतात. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात त्याचे सल्फर ट्रायऑक्साइड होते, आणि ते ९८ टक्के आम्लात शोषून घेतात. जगात तयार होणाऱ्या गंधकाम्लाचा मोठा भाग खतांच्या कारखान्यांत खर्च होतो. म्हणजे शेतातील धान्याशीही या बाटलीचे नाते आहे. अशा उपयुक्त पदार्थाला भिऊन दूर ठेवता येणार नाही. त्याच्याशी वागावे कसे, ते शिकलेच पाहिजे.

चार गुणधर्म

पहिला गुणधर्म पाण्याच्या ओढीचा. गंधकाम्ल आणि पाणी एकत्र आले की पुष्कळ उष्णता बाहेर पडते. १०० घ.सें.मी. संहत आम्ल ९०० घ.सें.मी. पाण्यात मिसळले, तर सगळ्या मिश्रणाचे तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे उन्हाळ्यात ३० अंशांवर असलेले पाणी ६० अंशांवर जाते, तेही खाली बर्नर नसताना! पाणी आणि आम्ल समप्रमाणात घेतले, तर तापमान १०० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. ही ओढ इतकी तीव्र असते, की हे आम्ल हवेतील बाष्पही शोषून घेते. काठोकाठ भरलेले भांडे पावसाळी हवेत उघडे राहिले, तर आतील द्रव वाढत जाऊन काठावरून ओघळू शकतो.

दुसरा गुणधर्म निर्जलीकरणाचा. समोर पाणी नसेल, तर हे आम्ल पदार्थाच्या रेणूतून हायड्रोजन व ऑक्सिजन पाण्याच्या प्रमाणात काढून घेते. साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. त्यातून पाण्याचे ११ रेणू काढून घेतले, तर मागे उरतो नुसता कोळसा. शिक्षकांनी साखरेवर संहत आम्ल ओतले, की पांढरी साखर प्रथम पिवळी, मग तपकिरी व शेवटी काळी होते आणि कोळशाचा सच्छिद्र खांब वर चढू लागतो. कागद, लाकूड व सुती कापड यांची गत हीच होते. त्वचेवर तर दुहेरी आघात होतो. आम्ल पेशींतील पाणी ओढून घेते व प्रथिनांचा नाश करते, आणि त्याच वेळी निर्माण होणारी उष्णता भाजते. डोळ्यांत एखादा थेंब गेला, तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

तिसरा गुणधर्म घनतेचा. एक घ.सें.मी. पाण्याचे वजन एक ग्रॅम, तर एक घ.सें.मी. संहत गंधकाम्लाचे १.८४ ग्रॅम असते. अडीच लिटरच्या बाटलीत पाणी असते तर ते अडीच किलो भरले असते. आम्ल मात्र ४.६ किलो भरते, आणि बाटलीचे वजन निराळेच.

चौथा गुणधर्म असा, की हे आम्ल सहजी उडून जात नाही. पाणी १०० अंशांना उकळते, तर संहत गंधकाम्ल ३३० अंशांच्याही वर. त्यामुळे विरल आम्लाचा थेंब गणवेशावर पडला, तर प्रथम काहीच होत नाही. हळूहळू पाणी उडून जाते, आम्ल मागे राहते व संहत होत जाते. कापडाचे धागे आतून जळतात, आणि पुढच्या धुण्याला किंवा इस्त्रीच्या वेळी तेथे भोक पडलेले दिसते. म्हणूनच ‘आम्ल विरल आहे, काही होत नाही’ हे म्हणणे फसवे आहे.

पाक आणि पाणी : घरी करण्याचा प्रयोग

‘आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये’ हा नियम तुम्ही वाचला असेल. तो का, हे समजण्यासाठी आम्लाची गरज नाही, साखरेचा पाक पुरे. एक वाटी पाण्यात दोन वाट्या साखर गरम करून विरघळवा. पाक पूर्ण थंड झाल्यावर त्यात खाण्याचा रंग घाला. आता दोन काचेचे पेले घ्या. पहिल्यात साधे पाणी घेऊन त्यात रंगीत पाकाची बारीक धार सोडा. पाक तळाकडे जातो आणि जाता जाता त्याच्या रेघा पाण्यात पसरतात. दुसऱ्या पेल्यात आधी पाक घेऊन त्यावर चमच्याच्या आधाराने अलगद पाणी सोडा. पाणी वरच तरंगत राहते व दोहोंमधील सीमारेषा स्पष्ट दिसते.

पाकाच्या जागी गंधकाम्ल आहे अशी कल्पना करा. ते पाकापेक्षाही जड असते. पाण्यात आम्ल सोडले, तर ते खाली जाता जाता पसरते. निर्माण झालेली उष्णता भोवतालचे भरपूर पाणी वाटून घेते. उलट आम्लात पाणी ओतले, तर थोडेसे पाणी वर तरंगते आणि सगळी उष्णता त्या पातळ थरातच निर्माण होते. तेवढ्या पाण्याची क्षणात वाफ होते व ती उसळताना आम्लाचे शिंतोडे चेहऱ्यापर्यंत उडवते. फोडणीच्या तेलात ओला कढीपत्ता टाकला की काय होते, ते स्वयंपाकघरात पाहिलेच असेल. तेथे तेल आधीच तापलेले असते. येथे द्रव थंड दिसतो, पण पाण्याशी गाठ पडताच स्वतःच तापतो, एवढाच फरक.

विरल करण्याची रीत

विरल आम्ल तयार करण्याचे काम शिक्षकांनी किंवा प्रयोगशाळा साहाय्यकांनी करावयाचे असते. विद्यार्थ्यांनी ते पुरेशा अंतरावरून पाहावे व त्यातील प्रत्येक कृतीचे कारण शोधावे.

प्रथम उष्णता सहन करणाऱ्या काचेच्या चंचुपात्रात लागणारे सर्व पाणी घेतात. जाड काचेची बाटली किंवा मोजपात्र वापरीत नाहीत, कारण अशी काच एकदम तापली की तडकते. चंचुपात्र थंड पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवतात. मग काचकांडीच्या आधाराने आम्ल थोडे थोडे सोडतात आणि सतत ढवळतात. ढवळले नाही, तर जड आम्ल तळाशी साचते. मग नंतर केव्हातरी पात्र हलताच दोन्ही थर एकदम मिसळून द्रव उसळू शकतो. पात्र हाताला गरम लागू लागले, तर ओतणे थांबवून ते निवू देतात. पूर्ण थंड झाल्यावरच द्रावण बाटलीत भरतात आणि बाटलीवर आम्लाचे नाव, त्याची तीव्रता व तारीख लिहितात.

या कामाच्या वेळी संरक्षक चष्मा, अंगभर सुती कोट, हातमोजे आणि पाय झाकणारी पादत्राणे हवीत. लांब केस बांधलेले असावेत. हातमोजा म्हणजे चिलखत नव्हे. त्यावर आम्ल पडले, तर तो लगेच काढून हात धुवावा. मोजनळीने आम्ल घेताना तोंडाने कधीही ओढू नये, रबरी फुगा वापरावा.

उचलणे आणि ओतणे

बाटली मानेला धरून उचलू नये. साडेचार किलोंहून अधिक भार त्या अरुंद मानेवर येतो, आणि ओल्या हातातून ती निसटू शकते. एक हात तळाखाली व दुसरा बाटलीभोवती ठेवावा. दुसऱ्या खोलीत न्यावयाची असेल, तर प्लॅस्टिकच्या मजबूत बादलीत ठेवून न्यावी. बाटली फुटली, तरी आम्ल बादलीतच राहते.

ओतताना नावाची चिठ्ठी तळहाताकडे असावी. एखादा ओघळ आलाच, तर तो चिठ्ठीच्या उलट बाजूने येतो आणि नाव पुसले जात नाही. बूच टेबलावर ठेवू नये. त्याला लागलेले आम्ल टेबलाला चिकटते, आणि नंतर तेथे हात टेकणाऱ्याला तो पाण्याचा थेंब वाटतो. वापरून उरलेले आम्ल मूळ बाटलीत परत ओतू नये. त्यातून आलेली अशुद्धी सगळी बाटली बिघडवते.

साठवण : शेजार कोणाचा?

आता कपाटाकडे वळू. आम्लाची जागा सर्वांत खालच्या फळीवर, डोळ्यांच्या पातळीच्या बरीच खाली असावी. वरच्या फळीवरून बाटली निसटली, तर आम्ल थेट चेहऱ्यावर येते. जमिनीवर, येण्याजाण्याच्या वाटेवरही ती ठेवू नये. बाटली चिनी मातीच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या तसराळ्यात ठेवावी. बाटलीतील सगळे आम्ल मावेल, एवढे तसराळे मोठे हवे.

लोखंडी फळी मात्र नको. येथे कोणी विचारील, की कारखान्यांतून हे आम्ल पोलादी टाक्यांतून नेतात, मग लोखंडी फळी का चालत नाही? प्रश्न चांगला आहे. संहत आम्लामुळे पोलादावर संरक्षक थर बसतो व क्रिया मंदावते. पण फळीवर सांडलेला थेंब हवेतील बाष्प शोषून विरल होतो, आणि विरल आम्ल लोखंड खाते. या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजनही बाहेर पडतो. कपाटाला खाली गंजाचे पोपडे दिसू लागले, तर आम्ल गळते आहे का, हे तपासावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेजाऱ्यांचा. अनेक ठिकाणी रसायने इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली असतात. शोधायला ते सोयीचे असते, पण एस या अक्षराखाली कोण कोण येते पाहा : सोडियम, सोडियम क्लोरेट, स्टार्च, शुगर आणि सल्फ्युरिक ॲसिड! यांपैकी एकही पदार्थ आम्लाजवळ राहण्यालायक नाही. सोडियम धातूशी आम्लाची स्फोटक क्रिया होते. क्लोरेटापासून स्फोटक वायू निर्माण होतो. पोटॅशियम परमँगनेट व संहत गंधकाम्ल यांपासून होणारा तेलकट पदार्थही स्फोटक असतो. ब्लीचिंग पावडरमधून विषारी क्लोरीन बाहेर पडतो, आणि सल्फाइडमधून विषारी हायड्रोजन सल्फाइड. अल्कोहोल, ॲसिटोन यांसारखे ज्वालाग्राही द्रव व कॉस्टिक सोड्यासारखे तीव्र अल्क यांनाही वेगळे कपाट हवे. रसायने लावताना अक्षरांकडे न पाहता गुणधर्मांकडे पाहावे.

आणखी एक नियम घरादारात सर्वांनी पाळावा. कोणतेही आम्ल सरबताच्या वा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेला माणूस चिठ्ठी वाचत नाही, बाटलीचा आकार पाहतो.

सांडले तर?

आधी सर्वांना दूर करावे व खिडक्या उघडाव्यात. लाकडाचा भुसा, कापूस किंवा रद्दी टाकून आम्ल टिपू नये, कारण ते सगळे पदार्थ जळतात. कोरडी वाळू टाकून आम्ल पसरू देऊ नये. मग कडेकडून आतल्या बाजूला खाण्याचा सोडा टाकत जावा. फसफसणे थांबले, की आम्ल उदासीन झाले असे समजावे आणि शेवटी भरपूर पाण्याने जागा धुवावी.

सोडा किती लागेल? ९८ ग्रॅम गंधकाम्लास १६८ ग्रॅम सोडा लागतो. १० घ.सें.मी. संहत आम्लात सुमारे १८ ग्रॅम शुद्ध आम्ल असते, म्हणून त्याला सुमारे ३१ ग्रॅम सोडा हवा. १०० घ.सें.मी. सांडले, तर ३१० ग्रॅम! यावरून दिसते, की कपाटात सोड्याची एक चिमुकली पुडी ठेवून भागणार नाही. निदान किलोभर सोडा आणि वाळूची बादली आम्लाच्या कपाटाजवळ हवीच.

अंगावर उडाले तर?

येथे मात्र सोडा नाही, पाणी! त्याच क्षणी वाहत्या नळाखाली भाग धरावा आणि निदान २० मिनिटे धूत राहावे. आम्ल पडलेले कपडे पाणी चालू असतानाच काढावेत. संकोचापायी थांबू नये. डोळ्यांत गेले असेल, तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके कलते करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून मंद धारेने तेवढाच वेळ धुवावा. एकीकडे धुणे चालू असताना दुसऱ्याने रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करावी.

तुम्ही विचाराल, पाणी आणि आम्ल मिळून उष्णता होते, मग पाणी ओतणे धोक्याचे नाही का? उत्तर पाकाच्या प्रयोगातच आहे. धोका थोड्या पाण्याचा असतो. ओल्या फडक्याने पुसले, तर उष्णता तेथेच राहते व आम्ल अधिक पसरते. जोराच्या धारेत आम्ल आणि उष्णता दोन्ही वाहून जातात. म्हणून पाणी शिंपडू नये, वाहते ठेवावे.

त्वचेवर सोडा चोळू नये, कारण उदासिनीकरणातही उष्णता होते आणि धुण्याचा मोलाचा वेळ जातो. हळद, तूप, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. आम्ल पोटात गेले असेल, तर ओकारी काढावयाचा प्रयत्न करू नये. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजते. तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

नोंदवही कशासाठी?

आम्ल माणसांवर फेकण्याच्या अमानुष गुन्ह्यांमुळे १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या विक्रीवर निर्बंध घातले. १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकता येत नाही. घेणाऱ्याला ओळखपत्र दाखवून कारण सांगावे लागते. शैक्षणिक संस्थांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी, त्याच्या साठ्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवावी आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी, असेही त्या आदेशात आहे. म्हणून शिक्षकांनी कपाटाला कुलूप लावले किंवा बाहेर पडताना खिसे तपासले, तर तो अविश्वास समजू नका. बाटलीतील घ.सें.मी.चा हिशेब ठेवणे म्हणजे कोणाचा तरी चेहरा आणि डोळे जपणे होय.

शाळेबाहेर

मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतही विरल गंधकाम्लच असते. पातळी कमी झाली, तर त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालतात, आम्ल नव्हे, कारण उडून जाते ते पाणीच. बॅटरी भारित होताना हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्याजवळ काडी पेटवू नये. महामार्गावर टँकरच्या फलकावर १८३० हा आकडा दिसला, तर त्यात गंधकाम्ल आहे हे ओळखा. चौकोनी चिन्हात हातावर आणि धातूवर द्रव पडताना दाखवलेला असतो, ती क्षरणकारक पदार्थाची खूण होय.

विचार करा

१. विरल आम्लाचे चंचुपात्र आठवडाभर उघडे राहिले, तर आतील आम्लाचे काय होईल? संहत आम्लाचे पात्र तसेच राहिले तर?

२. २५ घ.सें.मी. संहत आम्ल सांडले, तर खाण्याचा सोडा किती लागेल?

३. तुमच्या प्रयोगशाळेतील आम्लाच्या बाटलीचे शेजारी कोण आहेत, याची शिक्षकांसमवेत पाहणी करून यादी करा. त्यांपैकी कोणाला तेथून हलवावे लागेल व का, ते कारणासह लिहा. यादी वहीत ठेवू नका, त्याच दिवशी कपाट नीट लावून घ्या.